खिडकीकडचा कोपरा

मी एक जाजम बोलतेय. सतरंजीची थोरली बहीण म्हणा हवं तर. अंगानं जाड, निळ्या-तांबड्या पट्ट्यांची आणि वजनाला अशी की घडी घालायची तर चार माणसं लागतात.

कडेगावजवळच्या एका गावातल्या आळीनं मला सामाईक घेतलं. लग्न असो, बारसं असो, नाहीतर भावकीचं भांडण, सगळे माझ्यावरच बसायचे. नियम एकच: जो बसला त्यानं घडीला हात लावायचा. जावईसुद्धा सुटत नसत. पुढं प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. माणसं एकमेकांच्या पाठी बघत बसू लागली आणि मी समाजमंदिराच्या माळ्यावर गेले.

तिथून मला अंकितानं काढलं. आळीतलीच पोर. नुकतंच लग्न होऊन सांगलीला गेलेली आणि तिथल्या एका शाळेत नव्यानं बाई झालेली. बोलायला कमी.

"ने की पोरी," आळीतले म्हातारे हरिबाअण्णा म्हणाले. "हितं उंदरंच बसत्यात तिच्यावर. पर सासरी काय सांगशील? रुखवतातली ऱ्हायली हुती म्हणून?"

तिच्या सातवीच्या वर्गात प्रत्येक मूल आपल्या बाकावर, वहीला हाताचा आडोसा करून बसलेलं. शेजाऱ्याला दिसू नये म्हणून. बाईंनी बाक मागं सरकवले, मला अंथरलं आणि गावाकडचा पैरा सांगितला. आज तुम्ही माझ्या रानात राबा, उद्या मी तुमच्या रानात येते. तसंच अभ्यासाचं.

"म्हणजे फी नाही?" शिवतेजनं विचारलं.

"नाही."

"मग बाई, आमच्या क्लासच्या सरांना सांगू नका."

पैरा मुलांना मानवला. शिवतेज गणित समजावायचा, समीक्षा इंग्रजी. घडी घालायला माझे चार कोपरेही चौघांत ठरून गेले. खिडकीकडचा तरन्नुमचा. तिची आई चांदबी ऑपरेशननंतर अंथरुणावर होती. घरातलं उरकून तरन्नुम उशिरा यायची, दिसेल त्याच्याकडून राहिलेलं शिकून घ्यायची आणि घडी घालून पळायची.

एका शनिवारी समीक्षा म्हणाली, "तू नुसती घेतेसच. तुझा पैरा फिटणार कधी गं?"

सगळे हसले. तरन्नुमही हसली. सोमवारपासून ती आलीच नाही. घडी घालताना खिडकीकडचा कोपरा फरशीवरून फरफटत गेला.

बाई तिच्या घरी जाऊन आल्या. दुसऱ्या दिवशी माझ्यावर बसून मुलांना म्हणाल्या, "तरन्नुम शाळा सोडतेय. म्हणते, फेडायला माझ्याकडं काहीच नाही."

बाईंनी खिडकीकडच्या कोपऱ्यावर हात ठेवला.

"चूक माझी आहे. मी तुम्हाला अर्धाच पैरा सांगितला. आमच्या आळीत मनुबाई होती. ना बैल, ना घरात दुसरं माणूस. तिच्या रानातली भांगलण, तणकाढणी, आधी उरकायची, मग आपापली. तुझा पैरा कधी, असं तिला कुणी विचारलं नाही."

खरं आहे. मनुबाई माझ्यावर मधोमध बसायची, कडेला नाही.

समीक्षानं मान वर केली नाही. तशीच म्हणाली, "बाई, जाजम घेऊन जायची का तिच्याकडं?"

शाळा सुटल्यावर तिघा मुलांनी मला उचललं. चौथा कोपरा बाईंनी धरला. रस्त्यात एक रिक्षावाला ओरडला, "कुणाचं लगीन काढलं रं?"

चांदबीच्या दारात मला अंथरलं. आतून खाटेवरून आवाज आला, "आवं, चपला काढून बसा की! एवढी चांगली जाजम!"

मला कुणी चांगली म्हटल्याला जमाना झाला होता.

तरन्नुम उंबऱ्यातच उभी. "मी काय देणार तुम्हाला?"

"ते बघू नंतर," समीक्षा सरकत म्हणाली. "आधी बस. तू नाही बसलीस तर घडी कोण घालणार? तुझा कोपरा बाईंना जमत नाही."

बाईंनी गुमान मान हलवली.

ती बसली. अपूर्णांक झाले, भांडण झालं, चहाही झाला. उठताना तरन्नुमनं कुणी न सांगता खिडकीकडचा कोपरा उचलला. तिथं खिडकी नव्हती, पण कोपरा तोच.

आता ती शाळेत येते. बुधवारी मी तिच्या दारात असते. माझी एक कड विरली होती, तिथं चांदबीनं पडल्यापडल्या ठिगळ लावलंय. हिरवंगार. मुलं म्हणतात शोभतं. मीही तसंच धरून चालते.

तुमच्याही गावात माळ्यावर माझी एखादी बहीण पडलेली असेल. तिला खाली काढा. फक्त एकट्यानं उचलायला जाऊ नका, कंबर धरेल.