ओळख दाखवायची नाही

प्रार्थनाघराच्या शाळेत त्याला सगळे शिक्केमास्तर म्हणत. खरं तर तो कारकून. पण प्रवेशाचा प्रत्येक अर्ज त्याच्या टेबलावरून जायचा आणि त्याचा शिक्का बसल्याशिवाय कागद पुढे सरकायचा नाही, म्हणून कुणीतरी गमतीनं ठेवलेलं नाव एकोणीस वर्षांत अंगाला चिकटून गेलं. त्यालाही ते आवडायचं. न शिकवता मास्तर म्हणवून घ्यायला कुणाला नको असतं?

शाळा धर्माची आणि दार सगळ्यांना उघडं, असं फाटकावरच्या पाटीत कोरलेलं होतं. आत यायला मात्र कार्ड लागे. आईबापांनी दोन वर्षं दर आठवड्याला प्रार्थनेला हजर राहायचं आणि बाहेर पडताना कार्डावर शिक्का मारून घ्यायचा. सकाळच्या प्रार्थनेचा शिक्का चौकोनी, संध्याकाळचा गोल. सकाळी गावातली माणसं येत, डॉक्टर, वकील, दुकानदार. संध्याकाळी खाणवस्तीतली. त्यांना सकाळी येऊ नका असं कुणी सांगितलं नव्हतं. पण एकदा त्यांच्यातलं एक कुटुंब सकाळी येऊन बसलं, तेव्हा त्या बाकावरची बाकीची माणसं एकेक करून उठली आणि दुसरीकडे जाऊन बसली. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. इथे शब्दही लागला नाही.

खाणवस्तीतल्यांच्या आजे-पणज्यांना खाणीत राबायला बाहेरून आणलं होतं. रंग काळा, केस कुरळे, बोलण्यात वेगळाच हेल. गावातली पोरं त्यांना ‘कोळसे’ म्हणत. मोठी माणसं पोरांना दटावत, आणि दटावून झालं की तोंड फिरवून हसत.

शिक्केमास्तरचं काम एवढंच, की चौकोनी शिक्क्यांचे अर्ज गठ्ठ्यात वर ठेवायचे आणि गोल शिक्क्यांचे खाली. मुलांना तोंडी परीक्षेला बोलवायचं ते गठ्ठ्याच्या क्रमानं. जागा चाळीस, त्या भरल्या की गठ्ठा बांधून ठेवायचा. नियम कुठेच लिहिलेला नव्हता, त्यामुळे तो मोडायचीही सोय नव्हती. नाकारलेल्या अर्जावर कारण लिहायचा तोच, आणि खाली सहीही त्याचीच.

आणि शिक्केमास्तर स्वतः खाणवस्तीतला होता.

हे शाळेत कुणालाही ठाऊक नाही, अशी त्याची पक्की समजूत होती. एकाच आईच्या पोटी दोन रंग आले होते. थोरली बहीण आईवर गेली, काळीभोर. हा कुठल्या पणजोबावर गेला कोण जाणे, गव्हाळ निघाला. विसाव्या वर्षी त्यानं वस्ती सोडली. केस बारीक कापले, हेल घासूनपुसून काढला, आडनाव बदललं. बायको केली ती गावातली. सासरी सांगितलं, माझ्या मागेपुढे कुणी नाही. बहिणीला हे कळलं तेव्हा ती रागावली नाही, रडली नाही. “बरं केलंस,” म्हणाली, “आपल्यातला एकजण तरी सुटला.”

ती इस्पितळाच्या धोबीखान्यात चादरी धुवायची. नवरा खाणीत उतरला होता तो वर आलाच नाही. मुलगी एकच, सहा वर्षांची. रंगानं आणि आकारानं मिरीच्या दाण्यासारखी, म्हणून तिला मिरीच म्हणत. शिक्केमास्तरला मूलबाळ नव्हतं. महिन्यातून दोनदा तो टोपी कपाळावर ओढून, मागच्या गल्लीनं बहिणीकडे जायचा. मिरी चार वर्षांची असताना एकदा चादरीच्या कोपऱ्यावर छापलेले आकडे त्याला उलट्या बाजूनं वाचून दाखवू लागली. कुणी शिकवलेले नव्हते. धोबीखान्यातल्या बायका मोजताना मोठ्यानं म्हणत, त्यावरून तिनं आपले आपणच जुळवले होते.

“ताई,” तो म्हणाला, “हिला आपल्या शाळेत घालू.”

“आपल्या?” बहीण हसली. “तुझ्या म्हण.”

पण त्या आठवड्यापासून ती प्रार्थनेला जाऊ लागली. ताप असताना गेली, पाय मुरगळला असताना भिंतीला धरत धरत गेली. कार्डावर एकही जागा रिकामी राहू दिली नाही. आणि शिक्केमास्तर मिरीला शिकवू लागला. अक्षरं, बेरीज-वजाबाकी, सगळ्या प्रार्थना, आणि हेल न काढता बोलणं. पोरगी टीपकागदासारखी. सांगितलेलं शोषून घ्यायची.

तोंडी परीक्षेच्या आदल्या आठवड्यात त्यानं तिला समोर बसवलं.

“एक लक्षात ठेव. शाळेत मी दिसलो तर ओळख दाखवायची नाही. मामा म्हणायचं नाही.”

“का?”

“तसंच असतं ते.”

“मग काय म्हणायचं?”

“काहीच नाही. मी कोण, हे तुला ठाऊकच नाही.”

मिरीनं थोडा विचार केला. “कुणालाच सांगायचं नाही?”

“कुणालाच. वचन दे.”

तिनं दिलं.

तिचा गोल शिक्क्यांचा अर्ज त्यानं चौकोनींच्या मध्ये, सत्ताविसावा सरकवला. एकोणीस वर्षांत एक. कुणाच्या लक्षात येतंय!

परीक्षेच्या खोलीत लांबलचक टेबल. मधे आचार्य, प्रार्थनाघराचे आणि शाळेचे सर्वेसर्वा. त्यांचा आवाज इतका मऊ, की कानाला बरं वाटता वाटता माणूस कापला जायचा. त्यांच्या शेजारी मुख्याध्यापिका, आणि टोकाला वही घेऊन शिक्केमास्तर. आया बाहेर बाकावर. मिरी एकटी आत आली, खळ घातलेला कडक फ्रॉक घालून. खुर्चीवर बसली तर पाय जमिनीला पोचेनात.

प्रार्थना विचारली, तिनं म्हटली. पुस्तक उघडून दिलं, वाचलं. सतरातून नऊ गेले तर किती, हे विचारून होण्याआधी तिनं आठ सांगितले. मुख्याध्यापिकेच्या भुवया वर गेल्या. शिक्केमास्तर वहीत मान घालून बसला होता, पण त्याची छाती भरून आली होती.

“वा!” आचार्य म्हणाले. “बाळ, खोटं बोलावं का गं?”

“नाही. देवाला कळतं.”

“शाब्बास. मग खरं सांग, हे सगळं तुला कोणी शिकवलं? आईनं तर अर्जावर अंगठा लावलाय.”

मिरी फ्रॉकची कड बोटांनी चुरगाळू लागली.

“शेजारच्यांनी? की कुणी मास्तर येतात घरी?”

तिनं मान हलवली. हो नाही आणि नाही पण नाही.

“बाहेर अजून तेरा मुलं बसलीत,” शिक्केमास्तर घसा साफ करत म्हणाला.

“बसू देत.” आचार्यांनी त्याच्याकडे पाहिलंदेखील नाही. “बाळ, हे जे कोपऱ्यात लिहीत बसलेत ना, त्यांना ओळखतेस?”

मिरीनं त्याच्याकडे पाहिलं. परक्याकडे कसं पाहायचं ते त्यानं तिला शिकवलं नव्हतं, तरी तिनं ते जमवलं.

“नाही,” ती म्हणाली.

“नक्की?”

“नाही ओळखत.”

“आज पहिल्यांदाच पाहतेस?”

“हो.” ओठ थरथरायला लागले होते, पण आवाज स्वच्छ होता. हेल नाही, काही नाही.

आचार्य सावकाश वळले. “आणि तुम्ही? तुम्ही ओळखता हिला?”

खरं बोलायला एक शब्द पुरला असता. तो शब्द त्याच्या जिभेवर आलाही होता. मग त्याला आपलं घर दिसलं, बायको दिसली, सासऱ्याचा चेहरा दिसला.

“मी?” तो म्हणाला. “मी कशाला ओळखीन?”

मिरीनं खाली पाहिलं. फ्रॉकच्या पुढच्या भागावर ओला डाग पसरत होता. मुख्याध्यापिकेनं नाकाला रुमाल लावला.

“जा बाळ,” आचार्य म्हणाले. ती खुर्चीवरून घसरून उतरली आणि दोन्ही हातांनी डाग झाकत दाराकडे गेली. दार लागल्यावर ते शिक्केमास्तरला म्हणाले, “लिहा. मुलगी खोटं बोलते.”

त्यानं लिहिलं: ‘असत्य भाषण. धार्मिक संस्थेस अयोग्य.’ दुसरं वाक्य कुणी सांगितलं नव्हतं. हाताच्या सवयीनं तेही उतरलं, आणि खाली सही.

दुपारी आचार्यांनी त्याला खोलीत बोलावलं, बसायला सांगितलं, चहा दिला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

“घाबरू नका,” ते म्हणाले. “तुम्ही नोकरीला लागलात त्याच आठवड्यात मी तुमचा जुना दाखला मागवून घेतला होता. तुम्ही कोण, कुठले, तुमच्या बहिणीचं घर कोणतं, सगळं ठाऊक आहे. म्हणूनच तर तुम्हाला प्रवेशाच्या टेबलावर बसवलं.”

“म्हणूनच?”

आचार्यांनी एक कागद पुढे सरकवला. खाणवस्तीतल्या लोकांची तक्रार होती. इतक्या वर्षांत आमचं एकही मूल शाळेत का नाही? सोमवारी चौकशीला निरीक्षक येणार होते.

“त्यांना इतकंच सांगायचं, की अर्ज चाळणारा माणूस त्यांच्याच वस्तीतला आहे. प्रत्येक नकारावर सही त्याची. घरच्याच माणसानं नाही म्हटल्यावर अन्याय कसला?”

शिक्केमास्तरनं कपबशी खाली ठेवली. “त्या मुलीला एक जागा दिली असती,” तो कसाबसा म्हणाला, “तरी तक्रार मिटली असती.”

“मिटली असती,” आचार्य म्हणाले. “पुढच्या वर्षी दोन मागितल्या असत्या.” मग अगदी मायेनं म्हणाले, “तरी सांगतो, तिनं तुम्हाला मामा म्हटलं असतं ना, तर मी घेतलं असतं तिला. खरं बोलणाऱ्या लेकराला मी परत पाठवलं नसतं.”

हे खरं होतं, की जखमेवर मुद्दाम चोळलेलं मीठ, ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

सोमवारी निरीक्षक आले. पोटभर जेवून आले असावेत; सारखी जांभई दाबत होते. सगळ्या कचेरीसमोर शिक्केमास्तर उभा राहिला आणि म्हणाला, “मी खाणवस्तीतला आहे.” हे वाक्य तोंडातून निघालं की छप्पर कोसळेल, असं त्याला आयुष्यभर वाटत आलं होतं. शिपायानं मानसुद्धा वर केली नाही. तो पाकिटं चिकटवत होता, चिकटवत राहिला.

“तुमच्यावर कुणाचा दबाव?”

“नाही.”

“एकही मूल पात्र नव्हतं?”

“एकही नाही.”

निरीक्षकांनी लिहून घेतलं, त्यानं सही केली. तक्रार निकाली निघाली.

गुरुवारी यादी लागली. संध्याकाळी तो बहिणीकडे गेला तो या वेळी पुढच्या रस्त्यानं, टोपी न घालता. आज सगळं सांगून टाकायचं, पाय धरायचे, असं ठरवून निघाला होता. वाटेत वाक्यंही जुळवली होती. बहीण नुकतीच कामावरून आली होती. हात साबणानं पांढरे पडून सुरकुतलेले. मिरी भिंतीशी बसली होती.

“यादी वाचून घेतली एकाकडून,” बहीण म्हणाली. “काय कमी पडलं रे?”

तोंड उघडलं, आणि जुळवलेलं एकही वाक्य त्याला सापडेना. सापडलं ते लिहिलेलं.

“खोटं बोलली,” तो म्हणाला. “असं त्यांचं म्हणणं.”

“खोटं?” बहीण मिरीकडे वळली. “काय खोटं बोललीस गं?”

मिरीनं मामाकडे पाहिलं. मामा जमिनीकडे पाहत होता.

“तुला विचारतेय मी! काय बोललीस?”

बहिणीनं तिच्या थोबाडीत मारली. “दोन वर्षं मामा तुझ्यासाठी जीव जाळतोय, मी तापात जाऊन शिक्के आणतेय, आणि तू देवाच्या दारात खोटं बोलतेस? सांग!” दुसरी मारली. मग तिसरी. सहा वर्षांची पोर, गालावर बोटं उठली, नाकातून पाणी वाहायला लागलं, पण तिनं दात आवळले ते आवळलेच.

“जाऊ दे ताई,” शिक्केमास्तर म्हणाला. “पोर आहे.”

एवढंच तो म्हणाला. बहीण खाली बसली आणि तिनं त्याचेच हात धरले. “तुझं नाक कापलं रे हिनं तिथं. हिचा अर्ज तू वर घेतलास, तुला किती ऐकून घ्यावं लागलं असेल! मला माफ कर बाबा.”

“असू दे,” तो म्हणाला.

पुढच्या आठवड्यापासून बहीण मिरीला आपल्याबरोबर धोबीखान्यात नेऊ लागली. वस्तीजवळच्या पत्र्याच्या शाळेत नाव घालायचं राहून गेलं. शिकून हे असंच शिकणार असेल तर नकोच, असं तिनं मनाशी घेतलं होतं. स्टुलावर उभी राहून मिरी उशांचे अभ्रे घड्या करून रचायची आणि मोजायची. तिची मोजणी कधी चुकायची नाही, म्हणून मुकादम खूश होता.

शिक्केमास्तर वस्तीत जायचा थांबला. आता लपायचं कारण उरलं नव्हतं. सासरीही बातमी पोचली होती, आणि दोन दिवसांच्या धुसफुशीनंतर सासऱ्यानं, “नोकरी तर पक्की आहे ना?” एवढंच विचारून विषय संपवला होता. तरी तो गेला नाही. पुढच्या वर्षी खाणवस्तीतून एकच अर्ज आला. तो त्यानं गठ्ठ्यात सगळ्यांत खाली ठेवला.

एकदा दुपारी इस्पितळाच्या चादरी वाहणारा गाडीवाला शाळेच्या फाटकाशी थांबला आणि त्याला बोलावून घेतलं.

“तुमच्या बहिणीनं निरोप दिलाय. म्हणते, पोरीवरचा राग आता सोडा. लहान आहे, चुकली. एकदा येऊन जा. मुलगी तुमचं नाव काढलं की जेवत नाही.”

“बरं,” शिक्केमास्तर म्हणाला. “सांग, येतो म्हणून.”

गाडीवाल्यानं निरोप पोचवला. बहिणीनं त्या आठवड्यात दोन संध्याकाळी कामावरून लवकर सुट्टी मागून घेतली आणि दार उघडं ठेवून बसली.