बिनचुळीची मिश्री

रात्री नऊनंतर काही खायचं नाही आणि सकाळी पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, असं पोटाच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. घशातून नळी घालून पोट आतून बघायचं, तर पोट रिकामंच हवं. बेंबळीच्या सिताबाईंनी हा नियम असा पाळला की नाव ठेवायला जागा नाही.

पहाटे सून प्रतीक्षा अंगणात आली, तेव्हा सासूबाई पायरीवर बसून भाजलेल्या तंबाखूची काळी मिश्री दातांना लावत होत्या. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. मिश्री म्हणजे काय खाणं आहे थोडंच? शिवाय पुडी तिनंच आणून दिलेली. बिभीषणनं आईची मिश्री बंद करून वर्ष झालं होतं, पण बंद झाली होती ती फक्त त्याच्या डोळ्यांदेखत.

तीन आठवड्यांपूर्वी सासूबाईंनंतर संडासात पाणी टाकताना प्रतीक्षाला डांबरासारखं काळं दिसलं होतं. दोन दिवस ती मुद्दाम मागोमाग गेली. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलंच.

"गुडघ्याच्या गोळ्यांनी आसंल. कुणाला सांगू नगंस," सिताबाई म्हणाल्या.

त्यांची तामलवाडीची धाकटी बहीण पोटाच्या कॅन्सरनं गेली होती, तीही असंच दडवून दडवून. म्हातारीला तेच भ्या होतं, आणि भ्यालेलं माणूस दुखणं उशाखाली ठेवून झोपतं. प्रतीक्षानं मात्र घर डोक्यावर घेतलं. शेवटी बिभीषणनं शाळेत रजा टाकली आणि तिघं धाराशिवला आली.

घशात बधिर करायचं औषध मारून सिताबाईंना आत नेलं. दहा मिनिटांतच डॉक्टर बाहेर आले.

"पोटात सगळीकडं काळे कण चिकटलेत. पाणी मारलं तरी नीट दिसेना. जुनं रक्त असेल तर आजच सोलापूरला हलवावं लागेल. यांनी काळं काही खाल्लंय? लोहाच्या गोळ्या वगैरे?"

"न्हाय साहेब," बिभीषण म्हणाला. "सकाळधरनं पाण्याचा थेंब न्हाय तोंडात."

प्रतीक्षाच्या एकदम ध्यानात आलं. पाण्याचा थेंब नाही म्हणजे चूळही नाही. एरवी सासूबाई तांब्याभर पाण्यानं खळाखळा चुळा भरायच्या. आज नियम मोडायला नको म्हणून तोंडात उरलेलं सगळं गिळून बसल्या असणार! बोलावं तर वर्षभराची चोरी नवऱ्यापुढं उघडी पडणार. न बोलावं तर म्हातारी बहिणीचं मरण डोळ्यांपुढं घेऊन सोलापूरचा रस्ता धरणार. तिला स्वतःचीच लाज वाटली, की यात विचार करायला आपण क्षणभर तरी का थांबलो.

"डॉक्टरसाहेब, आत्यांनी पहाटं मिश्री लावली होती. चूळ न्हाय भरली. पुडी म्याच आणून दिलती."

बिभीषण गर्रकन वळला. "आईच्या जिवावर उठलीस व्हय गं तू?"

"भांडण घरी गेल्यावर करा," डॉक्टर म्हणाले. "यांनी सांगितलं ते फार बरं झालं." आणि ते पुन्हा आत गेले.

प्रतीक्षा भिंतीला टेकून उभी राहिली. पाठमोऱ्या नवऱ्याचा तिला राग येत नव्हता. फक्त आत गाठ निघू नये, एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. सासू होती, पण बाळंतपणात चाळीस दिवस तिला उठू न देणारी सासू होती.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. या वेळी डॉक्टरांनी पोट धुऊन नीट पाहिलं होतं. "जठराच्या खालच्या टोकाला जखम आहे. दुखण्याच्या गोळ्यांनी होते तशी. शौचाला काळं होतंय ते त्या जखमेतल्या रक्तामुळं. गाठीसारखं काही दिसत नाही. तरी खात्री करायला तुकडा घेतलाय. पण वेळेवर आणलंत. अजून महिना काढला असता तर रक्ताच्या उलट्या झाल्या असत्या. कुणाच्या लक्षात आलं?"

बाहेर आणून बाकावर बसवलेल्या सिताबाईंनी तोंडाचा पदर काढला. जीभ अजून जड होती, लाळ गळत होती, पण शब्द कळत होते.

"हिच्या. म्या बहिणीवानी दडवूनच मेले आसते. बिभीषणा, वरीसभर तू माझी मिश्री तेवढी धुंडाळलीस रं. माझी घाण हिनं बघितली."

तुकडा तपासणीला पाठवायच्या कागदावर नातेवाइकाची सही हवी होती. नर्सनं पेन बिभीषणपुढं धरलं. त्यानं ते घेतलं आणि प्रतीक्षाकडं न बघताच तिच्या हातात दिलं.

"तूच कर," तो म्हणाला. "काई इचारलं तर तुलाच सांगता येतंय. मला कुठं काय ठाव हाय."