उंदीरमामीच्या पेशी

थोरली जाऊ उंदरांच्या आतड्यांवर संशोधन करायची. घरात थट्टेने तिला उंदीरमामी म्हणत. धाकटी जाऊ त्या दिवशी प्रयोगशाळेत पहिल्यांदाच आली, तीही न सांगता, रुग्णालयातून तडक.

तिचं बाळ जन्मापासून पोट फुगून पडलं होतं. मोठ्या आतड्यात चेतापेशीच नव्हत्या, म्हणून आतडं हलत नव्हतं. दुपारी सर्जन तो भाग काढून विष्ठेसाठी पोटाला पिशवी लावणार होते.

"ताई, चेतापेशींशिवाय दुसऱ्याही पेशी असतात म्हणाला होतात. दाखवा."

थोरलीने तिला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. "या ग्लिया. काही चेतापेशींना बिलगून त्यांचं खाणंपिणं बघतात. काही स्नायूत तंतूंना धरून असतात. अस्तराखाली असतात त्या जंतूंना अडवायला मदत करतात."

"आणि त्यांच्या चेतापेशी होतात."

"थोड्यांच्या झाल्या. उंदरात."

"मग माझं आतडं कापा. वीतभर, हातभर, लागेल तेवढं. त्यातल्या काढून बाळाला घाला."

"अगं, त्या रुजतील की गाठ होईल, आम्हालाच ठाऊक नाही. निम्मे उंदीर मेले."

"म्हणजे निम्मे जगले."

थोरलीने सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला. "माझ्याच्यानं नाही व्हायचं," ती म्हणाली.

"तुमच्या पोटचं असतं तर?"

"तरी नसतं केलं." हे खरं की खोटं, तिचं तिलाच कळेना.

धाकटी उठली आणि दारापर्यंत जाऊन भिंतीला टेकली. थोरलीने तिला दंडाला धरून रुग्णालयात नेलं.

शस्त्रक्रिया लांबली. सर्जन बाहेर आले ते खाली बघतच. लहान आतड्याचाही बराच भाग चेतापेशींविना निघाला होता, तोही काढावा लागला. बाळ वाचलं होतं, पण दुधावर वाढणार नव्हतं. पोषण शिरेतून द्यायचं, किती काळ ते कुणी सांगेना.

पुढे रोज थोरली रजा टाकून वॉर्डातल्या बाकावर येऊन बसू लागली. धाकटी तिच्याकडे बघायचीही नाही. एका सकाळी मात्र पिशवी बदलता बदलता तिने विचारलं, "तुमच्या त्या पेशींना माणसात यायला किती वर्षं?"

"सांगता येत नाही गं. येतील की नाही, तेही."

धाकटीने बाळाचं पोट पुसलं, नवी पिशवी घट्ट दाबून बसवली.

"मग इथे कशाला बसता? जा कामावर."