काकवीत रुतलेले बारा

हसायचं तर आत्ताच हसून घ्या, नंतर मधे बोलायचं नाही.

आमच्या विलो फोर्कचं पोस्ट हुल्डामावशीच्या खुराड्यात होतं. पत्रावर कोंबडी बसली की अंडं दिल्याशिवाय उठायची नाही. शेवटी वॉशिंग्टनचं सरकार म्हणालं, तुमच्या गावात जागा विकत घेतो, दगडी पोस्ट बांधतो. पण जमीन नेब्रास्काची, तेव्हा राज्याच्या विधानसभेनं आधी 'हो' म्हणायला हवं. अधिवेशन शेवटच्या दिवशी दुपारी बाराच्या ठोक्याला संपणार. तोवर संमती नाही मिळाली, तर पोस्ट जाणार शेजारच्या बेनिंगला आणि मावशीची पोस्टातली नोकरीही गेली!

त्या दिवशी आम्ही गावकरी विधानसभेच्या गॅलरीत बसलो होतो आणि खाली बेनिंगचा आमदार क्विल्बी बोलायला उभा राहिला. बोलायला उभ्या माणसाला बसवायची नियमात सोय नाही. यानं आपल्या डुकरांची नावंच सांगायला घेतली.

"हा आपले बारा वाजवणार गं," शेजारची मार्था कुजबुजली.

अशा वेळी दारवान काठीनं घड्याळाचे काटे मागं ढकलतो, ही तिथली जुनी रीत. पण काठी कुठाय? क्विल्बी तिच्यावरच रेलून भाषण ठोकत होता!

मावशी गॅलरीच्या कठड्याशी, घड्याळ बरोबर तिच्या पायाखाली. तिनं डब्यातली काकवीची बरणी काढली आणि ओतली सगळी घड्याळात.

"अगं हुल्डे, हे काय!" मार्था म्हणाली.

"गप बस. वेळेला भूक लागलीय."

बाराला पाच कमी असताना काटा रुतला. बाहेर सूर्यसुद्धा थबकला, खोटं नाही सांगत! सावल्या हलेनात. एका बाईचं चुलीवरचं अंडं उकळून उकळून कच्चंच राहिलं.

क्विल्बी आपला बोलतोय. डुकरं संपली, गाई संपल्या, सासूचे आजार संपले. आवाज घोगरा झाला, मग उंदरासारखा चीं चीं, मग तेवढाही नाही.

"झालं तुमचं?" सभापतींनी विचारलं. "मग मतं घेऊ. संमती द्यायची?"

"हो!" छप्पर वीतभर वर उडालं आणि परत जागेवर बसलं.

"विरोधात कोण?"

क्विल्बीनं आऽ केला, हात नाचवले, उड्या मारल्या. आवाज फुटेल तर शप्पथ!

"विरोध ऐकू आला नाही. एकमतानं मंजूर!"

गावी परतलो तर स्टेशनवर बँड. मावशीला खांद्यावर घ्यायला आठ जण लागले, तेही वाकलेच. तिनं मिरवणूक थेट त्या मोकळ्या जागेवर नेली, खाली उतरली आणि टाच मातीत रोवली.

"खिडकी इथं," ती म्हणाली. "आणि माझी खुर्ची इथं. वॉशिंग्टनला कळवा."