रादोयेच्या गाडीचं छत

देसाताईनं गाडी गॅरेजात आणून उभी केली, किल्ली माझ्या हातात कोंबली आणि म्हणाली, "विदा, हे भोक बुजव. सुई शिरायला जागा ठेवू नकोस."

गाडी तिच्या नवऱ्याची, रादोयेची. जुनी झास्तावा, आमच्या मोरावा नदीकाठच्या गावांत आता मोजक्याच उरल्यात. छताला मधोमध सरकतं झाकण. कारखान्यातून आलेलं नव्हे, रादोयेनं हौसेनं कुणाकडून तरी चांगलं छत कापून घेतलं होतं. आमच्याकडं वरातीत पहिल्या गाडीत निशाणवाला लागतो. काठीला झेंडा, टोकाला सफरचंद. रादोये मागच्या सीटवर उभा राहायचा, भोकातून कमरेपर्यंत बाहेर, आणि गावोगाव निशाण नाचवायचा. अशाच एका वरातीत, अक्रोडाच्या वळणावर, आडवी फांदी त्याच्या कपाळावर बसली. ताई शेजारी बसलेली होती. तिला फांदी दिसली नाही. तिला फक्त नवऱ्याचे पाय दिसत होते, आणि ते एकाएकी ढिले पडले.

आता तिच्या दिराच्या, मिलेताच्या मुलाचं लग्न होतं. मिलेतानं भर पंगतीत जाहीर केलं, "बापाचं निशाण पोरगा धरील." आणि ताईचा मुलगा उग्लेशा छाती फुगवून हो म्हणाला.

"मग तू नाही म्हण की," मी म्हणालो.

"दिराला नाही म्हणू? मेलेल्या नवऱ्याची गाडी त्याच्याच पुतण्याच्या लग्नाला देत नाही म्हणू? गावात तोंड कुठं दाखवू? सांगायचं, छत गंजलं होतं, विदानं बदललं. भोकच नसेल तर उभा कुठं राहील?"

मला ते पटलं. मी जन्माचा भित्रा. शिडीच्या तिसऱ्या पायरीवर माझे पाय लटपटतात, हे गावातल्या कोंबड्यांनाही ठाऊक आहे. त्यामुळं दुसऱ्याची भीती मला पटकन कळते.

आधी वाटलं होतं, नुसतं ठिगळ मारावं. माप घ्यायला मी सीटवर चढलो. सीटच्या कापडावर रादोयेच्या टाचांनी झिजलेल्या दोन जागा होत्या, माझे पाय आपसूक त्यांत बसले. डोकं बाहेर काढलं, पत्र्याची कड कमरेला लागली, आणि गाडी जागची हलत नसताना मला समोरून फांदी येताना दिसली. मी धपकन खाली बसलो.

ठिगळ नको, असं तिथंच ठरवलं. ठिगळ काय, उद्या कुणीही परत कापील. शिवाय एवढ्या सपाट पत्र्यात मोठं ठिगळ जोडलं की तापून लाटा येतात. भंगारवाल्याकडं अशाच एका गाडीचा सांगाडा पडला होता, त्याचं अख्खं छत उतरवून आणलं. रादोयेच्या गाडीत आडवे पाइप ठोकून तिला ताठ केलं, कारण छत काढलं की गाडी फाकते, मग दारं लागत नाहीत. छताच्या कडेच्या पन्हाळीजवळचे वेल्डिंगचे टाके एकेक पोखरून सोडवले आणि भोकासकट छत उचलून भिंतीला टेकवलं.

नेमका तेव्हाच उग्लेशा आला. भिंतीकडं बघून जागीच थिजला.

"मामा, हे काय केलंस?"

"सडलं होतं रे."

त्यानं छतावर मूठ आपटली. "कुठं सडलंय? दाखव ना! आईनं सांगितलं, होय? दोघे बहीणभाऊ सारखेच. स्वतः भ्यायचं आणि मलाही बांगड्या भरायच्या!"

"तुझ्या बापाला..."

"बाप घाबरला नाही कधी!"

"म्हणूनच मेला," माझ्या तोंडून निघून गेलं. तो पांढराफटक पडला आणि तसाच निघून गेला.

पुढचं काम मी जीव मुठीत धरून केलं. टाका इथं एक, मग पार तिकडं एक. मध्ये ओलं फडकं, पत्रा निवेपर्यंत थांबायचं, मग पुढचा. घाई केली की छत तापून एकदा जे खचतं ते पुन्हा उठत नाही. सगळं झाल्यावर बोटानं टिचकी मारली. ढोलासारखं गोल वाजलं. कापलं होतं असं कुणाला सांगूनही पटलं नसतं. मी देवाला मेणबत्ती लावली. रंग दिला तेव्हा वाळायला वेळ थोडा उरला होता, म्हणून ताईला बजावलं, "छताला हात लावू देऊ नकोस कुणाला. रंग कच्चा आहे."

लग्नाच्या दिवशी गाडी मलाच चालवायला लावली. अंगणात पितळी वाजंत्री कान फाडत होती. मिलेता छताकडं बघून हसला.

"काय पाहुणे, बुजवलंत होय बीळ? हरकत नाही. आमचा वाघ खिडकीत बसेल!"

आणि उग्लेशा मागच्या दाराच्या खिडकीतून अंग बाहेर काढून तिच्या काठावर बसला. पाय आत, बाकी सगळा बाहेर. भोकात निदान चहूबाजूंनी पत्र्याचा आधार होता. इथं काहीच नव्हतं. सुई शिरायला जागा न ठेवता मी पोराला आगीतून फुफाट्यात ढकललं होतं.

ताई आत बसली, त्याचे पाय मांडीवर ओढून घेतले आणि दोन्ही घोटे धरले. मला म्हणाली, "चल."

उग्लेशा एका हातानं निशाण नाचवत होता, दुसऱ्या हाताच्या मुठीनं मागच्या गाडीतल्या वाजंत्रीच्या ठेक्यावर छत बडवत होता. धम, धम, धम. मला तो दिसत नव्हता. पण डोक्यावर छत वाजतंय तोवर पोरगा जिवंत आहे, एवढं कळत होतं. त्या आवाजाला धरून मी गाडी हाकली.

अक्रोडाचं वळण दिसलं आणि छत वाजायचं थांबलं.

"ताई!" मी ओरडलो. मागं वळून बघायची छाती होईना.

"थरथरतायत," ती म्हणाली. "पाय थरथरतायत त्याचे. ढिले नाहीत."

मी ब्रेकवर पाय ठेवला, तेवढ्यात खिडकीतून आवाज आला. लहानपणी विहिरीत डोकावताना काढायचा तसा, बारीक. "मामा, थांबू नको. सगळे बघतायत. पण हळू. हळू घे ना."

मी बैलगाडीच्या चालीनं घेतली. मागची अख्खी वरात भोंगे वाजवून शिव्या घालत होती. घालू दे. फांदी वरून सरकून गेली. वळण संपल्यावरही छत पुन्हा वाजलं नाही.

नवरीच्या दारात उतरलो तेव्हा मिलेता गाडीभोवती फिरला आणि थबकला. कच्च्या रंगात पाच बोटं रुतलेली होती, कडेपर्यंत ओरबाडत आलेली. कुणी जिवाच्या आकांतानं धरावं तशी.

"हे काय रे? कुणाचा पंजा?"

उग्लेशानं मान खाली घातली. त्याच्या नखांत रंग होता.

"माझा," मी म्हणालो. "रंग वाळला का बघायला गेलो. पाय घसरला."

"भित्रा तो भित्रा, वर धांदरट!" मिलेता खदखदून हसला, मग सगळेच हसले. मीही हसलो. उग्लेशानं निशाण काकाच्या हातात दिलं, माझ्या शेजारी येऊन उभा राहिला आणि हात खिशात घातले. ताईनं अजून त्याच्या कोटाचं टोक सोडलं नव्हतं.