रडण्याची तालीम

"पुन्हा," आई म्हणाली.

बारकीनं बाहीला नाक पुसलं आणि समोरच्या घमेल्यात परत हात बुडवला. घमेल्यात बर्फाचं पाणी होतं. ते सांडून सांडून मोरीच्या फरशीवर पाय ठरत नव्हता. आधी तिचा खालचा ओठ थरथरला, मग हनुवटी. एक हुंदका आला, तो तिनं गिळला. दुसऱ्या हुंदक्याला तिनं हात बाहेर ओढून छातीशी धरला आणि तिच्या गालांवरून पाणी ओघळू लागलं.

"आवाज लवकर काढलास," आई म्हणाली. "आधी ओठ. ओठ नीट थरथरला की श्वास अडकवायचा. आवाज सगळ्यात शेवटी."

"आणि रडायचं कुठपर्यंत?"

"मी पुरे म्हणेपर्यंत. चल, पुन्हा."

या खेपेला ते इतकं खरं उतरलं की दाराला टेकून उभ्या असलेल्या बाबाचेच डोळे भरून आले. त्याच्या मानेवरचे खवले ताठ उभे राहिले आणि त्यानं ओशाळून ते हातानं दाबले. आईनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा पोरीकडे. दोन्ही रडणी तिनं शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहिली असावीत.

"पुरे."

बारकी तिथल्या तिथं थांबली. तोंड पुसून तिनं तळहात पुढे केला. आईनं खिशातून साखरेचा खडा काढून त्यावर ठेवला, तो गालात सारून पोरगी बाहेर खेळायला पळाली.

"बघवत नाही मला," बाबा म्हणाला.

"मग बघू नकोस," म्हणत आईनं घमेलं उपडं केलं.

निवड तोंडावर आली होती. गल्लीच्या टोकाला निवडघर होतं आणि दुधाचे दात पडलेलं प्रत्येक पोर एकदा तिथं जात असे. तिथं बर्फाच्या पाण्यात हात घालून उभं राहायचं, बाकी काही नाही. जो रडला त्याला मागच्या दारानं घरी पाठवत. मग तो जन्मभर शिवणार, रांधणार, भांडी घासणार आणि चारचौघांची टवाळी ऐकणार. जो रडला नाही त्याच्यासाठी मोठं दार उघडत, आणि त्या दारामागे यानांचा तळ होता. मोठ्या दारानं गेलेलं कुणी या गल्लीत परत आल्याचं आठवत नव्हतं, आणि तसं बोलून दाखवायची पद्धतही नव्हती.

आकाशापलीकडे कितीतरी जगं होती. तिथले लोक म्हणे या जगाचा नुसता उल्लेख झाला तरी दारं लावून घेत, दिवे मालवत. इथं मात्र युद्ध कधी आलंच नव्हतं. इथं त्याची शिवणटिपण आणि धुणीभांडी तेवढी चालत. थोरला सूर्य मावळला की धाकटा उगवे, त्यामुळे त्या कामाला खळ म्हणून नव्हता.

बाबा तळाच्या भटारखान्यात पातेली घासायचा. तो मागच्या दारानं आलेला, म्हणून गल्लीत त्याचं नावच रडका पडलं होतं. त्याला त्याचं काही वाटत नसे, किंवा वाटत असलं तरी तो ते हसण्यावारी नेई. "अरे, मी पाण्यात हात घालायच्या आधीच भोकाड पसरलं," तो कुणालाही रंगवून सांगायचा. "निवडणारी बाईच घाबरली. म्हणाली, बाळा, अजून तुला काही केलंसुद्धा नाही!" ऐकणारे पोट धरून हसत. आई मात्र त्या वेळी त्याच्या खरबरीत, जिवंत हातांकडे बघत राहायची.

बारकीची अडचण अशी की तिला रडू येतच नसे. पडली, खरचटलं, बोट दारात चेमटलं, तर ती त्या जागेकडे कुतूहलानं बघत बसे. भीती वाटली की मानेवरचे खवले आपोआप उभे राहतात, ते काही कुणाच्या हातात नसतं. पण हिचे कायम तेल लावून चोपल्यासारखे आडवे. शेजारीण कौतुकानं म्हणायची, "मोठ्या दाराची आहे हो तुमची." आई हसून मान डोलवायची आणि घरात येऊन कडी लावून घ्यायची. खवल्यांसाठी तिनं उंच गळपट्टीचा सदरा शिवून ठेवला होता, आत दुहेरी अस्तर घालून. रडणाऱ्या पोराची गळपट्टी कोण उघडून बघतंय, असा तिचा हिशेब होता.

अस्तरं हाच तिचा धंदा. तळावरून चिलखतं यायची. पत्रा तोच राहायचा, आतलं अस्तर बदलायचं. जुनं उसवायचं, डाग कशाचे ते विचारायचं नाही, आणि पुढच्या मापाचं नवं टाचायचं. प्रत्येक अस्तरवाली कुठंतरी आपली एक खूण ठेवते. ही डाव्या काखेत एक गाठ मारायची. फक्त बारकीच्या दादाच्या चिलखतात तिनं शेजारी शेजारी दोन गाठी मारल्या होत्या, तो मोठ्या दारानं गेला तेव्हा.

मागच्या थंडीत एक चिलखत तिच्या मेजावर आलं आणि डाव्या काखेत बोटांना दोन गाठी लागल्या. शेजारच्या मेजावरची बाई कात्री मागत होती. आईनं तिला कात्री दिली. मग तिनं ते अस्तर उसवलं, नवं घातलं आणि चिलखत संध्याकाळच्या गाडीत चढवलं, कारण ते चढवायचंच होतं. त्यात आता कुणाचं तरी दुसरं पोर आहे.

रडू तिला तेव्हाही आलं नाही. तिला ते कधी जमलंच नव्हतं. लहानपणी ती निवडीतून सुटली होती ती तापानं फणफणून बाईंच्या पायाशी कोसळली म्हणून. रडणं कसं असतं ते ती नवऱ्याकडे बघून शिकली. शिवण उसवावी तसं तिनं ते टाक्याटाक्यानं सुटं केलं आणि पोरीला शिकवायला घेतलं.

निवडीच्या आदल्या दिवशी जेवणं झाल्यावर बारकी भिंतीकडे तोंड करून झोपली, तेव्हा बाबानं विषय काढला.

"दादाचं सांगून टाक तिला."

आई गळपट्टीला शेवटचा टाका घालत होती.

"अगं, खरं रडेल. तुझं ते आधी ओठ, मग श्वास, काही लागणार नाही. तो परत येणार म्हणून दारातल्या त्याच्या खुंटीवर कुणाला काही अडकवू देत नाही ती. एकदा सांगितलंस तर..."

"माहितीय मला."

"मग?"

"त्याचं वाटोळं झालं तेवढं बास आहे," आई म्हणाली. "आता हिला रडवायला मी त्याला वापरू? ते माझ्यानं होणार नाही. येतंय तिला. तू बघितलंस ना, किती छान येतंय."

बाबानं बघितलं होतं. तो उठून मोरीत गेला आणि बराच वेळ त्यानं नळ चालू ठेवला.

निवडघराची खोली लहान होती. चुन्यानं रंगवलेल्या भिंती, मधोमध तिवईवर घमेलं, उजवीकडे मागचं दार, डावीकडे मोठं. पोराबरोबर आईबापांपैकी एकानं यायचं आणि भिंतीशी उभं राहायचं, बोलायचं नाही. निवडणाऱ्या बाई म्हाताऱ्या होत्या. त्यांचा आवाज मऊ होता आणि दर पोराला त्या आधी "जेवलास का रे?" म्हणून विचारत होत्या.

बारकीच्या आधीचा मुलगा पाण्याला बोट लागताच किंचाळला. त्याच्या बापानं सगळ्यांदेखत त्याच्या पाठीत धपाटा घातला, मागच्या दारातून त्याला ढकलत नेलं आणि बाहेर पडल्यावर त्याला उचलून छातीशी घट्ट धरलं. दाराच्या फटीतून आईनं ते पाहिलं.

"ये गं," बाई म्हणाल्या. "जेवलीस का?"

"हो."

मदतनीस बाईनं बारकीचं तोंड आणि हात धुतले. डोळ्यांना काही चोळून आणणारे असतातच. मग बारकीनं घमेल्यात हात घातला.

आधी ओठ. तो नीट थरथरला. मग हनुवटी, मग अडकलेला श्वास. पहिला हुंदका तिनं गिळला. दुसऱ्याला तिनं हात ओढून छातीशी घेतला आणि मग, सगळ्यात शेवटी, आवाज आला. इतका केविलवाणा की मदतनीस बाईनं मान फिरवली. घरात असं तिला एकदाही जमलं नव्हतं. आईनं भिंतीला टेकवलेले तळवे अजून घट्ट दाबले.

बाईंनी सुस्कारा सोडला आणि उजवीकडे मान हलवली. मदतनीस बाई मागच्या दाराकडे गेली. तिनं कडी काढली. बाहेरचा उजेड फरशीवर पडला, त्या उजेडात गल्ली दिसत होती, गल्लीत बाबा उभा होता आणि त्याचे सगळे खवले उभे होते. आईनं भिंतीवरून तळवे काढले. एवढी सुखानं ती आयुष्यात कधी घाबरली नव्हती.

बारकी अजून रडत होती. कुठलीही म्हातारी बाई करेल तेच बाईंनी केलं. त्यांनी वाकून तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"झालं हं, बाळा. पुरे. पुरे आता."

बारकी थांबली.

तोंड पुसून तिनं तळहात पुढे केला.

बाई त्या तळहाताकडे बघत राहिल्या. बर्फानं तो निळा पडला होता, पण जरासुद्धा कापत नव्हता. मग त्यांनी दोन बोटांनी तिची गळपट्टी खाली केली. खवले आडवे होते, गाढ झोपेत असल्यासारखे.

"कुणी शिकवलं?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही," बारकी म्हणाली. तिनं आईकडे पाहिलंही नाही. नजर सरळ बाईंच्या नजरेत. "मला खरंच रडू आलं."

बाई हसल्या. सबंध सकाळभरात पहिल्यांदाच हसल्या.

"ते दार लावा," त्या मदतनीस बाईला म्हणाल्या. "इतकी वर्षं आपण न रडणारी पोरं गोळा करत आलो. हे कुणाच्या डोक्यात कसं आलं नाही!" त्या बारकीच्या हातावर फुंकर घालून तो चोळून गरम करत होत्या. "हिला चिलखत नको. हिला फाटका सदरा घाला आणि तिकडच्या एखाद्या वस्तीत संध्याकाळची सोडा. दारं लावून बसतात ना ती माणसं? असं पोर उंबऱ्यात रडत असेल तर कोण उघडणार नाही?"

मागच्या दाराची कडी लागली. फरशीवरचा उजेड गेला.

मोठं दार जड होतं, ते उघडायला वेळ लागला. तेवढ्यात बाई आईकडे वळल्या. रागावल्या नव्हत्या. उलट, मान लववून म्हणाल्या, "हात चांगला आहे तुमचा. मी बोलावणं पाठवीन. अजून पोरं आहेत."

आईनं तोंड उघडलं. काय बोलायचं ते तिला माहीत होतं, दादाचं नाव तिच्या जिभेवर होतं. अजूनही सांगितलं तर बारकीला कदाचित खरं रडू येईल असं तिला वाटलं. पण शब्दांच्या जागी भलताच आवाज बाहेर पडला, ओबडधोबड, घशातून फाटून आलेला. तिचे खवले एकदम ताठ उभे राहिले. मग डोळे वाहू लागले आणि त्याच्याही नंतर ओठ थरथरायला लागला. तिला ते आवरेना. थांबवायचं कसं असतं ते तिला माहीतच नव्हतं.

बारकी दारापर्यंत गेली होती. ती परत आली. आईच्या खिशात हात घालून तिनं आपला साखरेचा खडा घेतला, गालात ठेवला आणि चवड्यांवर उभी राहून आईच्या कानाशी तोंड नेलं.

"आवाज लवकर काढलास," ती हळूच म्हणाली.