तिसरी गाठ

फरशीच्या रेघेवर तिने अंगठ्यापुढे टाच ठेवली, दुसरं पाऊल उचललं आणि भेलकांडून टेबलाची कड धरली.

"राहू द्या," सर्जनबाई म्हणाल्या. "बसा."

"आणखी एकदा बघते."

"ताई, बसा."

ती बसली. शेजारी तिचा नवरा, शिंपीकाम करणारा हडकुळा माणूस, मांडीवरच्या पिशवीची उगाच घडी घालत होता. शहरातली बस वर्षानुवर्षं चालवणाऱ्या या बाईला डेपोत सगळे 'तुफान' म्हणत. मानेच्या अगदी वरच्या मणक्यांत, मज्जारज्जूला चिकटून वाढलेली गाठ दोनदा काढून घेऊन ती दोन्ही वेळा स्टेअरिंगवर परतली होती. आता तिथेच तिसरी उगवली होती.

"कॅन्सर नाही, पण चिवट आहे," सर्जनबाई म्हणाल्या. "दोनदा उघडलेली जागा, आत सगळं एकमेकांत चिकटलंय. आमच्या मोठ्या सरांचं मत आहे, आता हात लावू नये."

"नाही लावला तर?"

"आधी काठी. मग खुर्ची. मग हातही जातील."

"आणि लावला तर?"

"टेबलावरच काही कमीजास्त होऊ शकतं. हात, पाय, श्वास, सगळ्याची वाट तिथूनच जाते. निभावलं तर चालाल. पण या खेपेला कवटीपासून खाली सळ्या बसवाव्या लागतील. मान वळणार नाही. बस विसरायची."

"नको," नवरा एकदम म्हणाला. लग्नानंतर तो पहिल्यांदाच तिच्याआधी बोलला होता. "आहे तशी राहू दे. मी करीन सगळं. खुर्ची ढकलीन."

तिने त्याच्याकडे पाहिलं. दोन्ही वेळा ती भुलीत निवांत झोपली होती. बाहेरच्या बाकावर जीव मुठीत धरून बसला होता तो.

"तुम्ही ढकलणार आणि मी 'डावीकडे घ्या, डावीकडे घ्या' म्हणून ओरडणार," ती म्हणाली. "आठवड्यात घटस्फोट होईल."

त्याला हसू आलं आणि डोळेही भरून आले. ती सर्जनबाईंकडे वळली.

"बसवर पाणी सोडलं. मोठ्या सरांचं राहू द्या. तुमचा हात काय म्हणतो?"

सर्जनबाईंनी टेबलावरचा आपला हात पालथा करून पाहिला. "निघेल म्हणतो."

"मग काढा."

जाग आली तेव्हा घशात नळी होती आणि मान भिंतीत चिणल्यासारखी घट्ट. वर सर्जनबाईंचा चेहरा आला. कपाळावर टोपीचा वळ, डोळे तारवटलेले.

"माझा हात दाबा."

तिने दाबला.

"आई गं!" सर्जनबाई कळवळल्या, आणि पायाशी उभी असलेली नर्स खुदकन हसली.

"आता पाय."

पांघरुणाखाली अंगठे हलले. तिला ते दिसले नाहीत. सर्जनबाईंच्या चेहऱ्यावरून कळले.

"मुळासकट निघाली," त्या म्हणाल्या. "मोठे सर बघायला आले होते. शेवटपर्यंत उभे राहिले."

मग व्यायामाचे आठवडे सुरू झाले. आधी दोघी नर्सच्या आधाराने, मग कठडा धरून, मग नुसती भिंतीच्या भरवशावर. ती व्हरांड्यात निघाली की वॉर्डातली माणसं ट्रॉल्या बाजूला घेत, "तुफान येतंय रे!" म्हणत. नवरा मात्र हल्ली उशिरा यायचा. शिवणकाम साचलंय म्हणायचा. ती मनातल्या मनात धुसफुसायची.

घरी जायच्या दिवशी दाराशी तिच्या भावाची जुनी गाडी उभी होती. स्टेअरिंगवर नवरा. सायकललाही भिणारा माणूस, दोन्ही हातांनी चाक आवळून बसलेला.

"हे काय?"

"तुझ्या डेपोतल्यांनी शिकवलं," तो समोर बघतच म्हणाला. "लायसन मिळालं. दुसऱ्या खेपेला."

ती शेजारी बसली. गाडी गचके खात फाटकापर्यंत आली. बाहेर वाहनांची रीघ लागलेली.

"बाजूने काही येतंय का बघ ना," तो सवयीने म्हणाला आणि त्याने जीभ चावली.

"मान तुमची वळते. तुम्हीच बघा."

त्याने बघितलं. तिच्याच डेपोची बस येत होती. फाटकाजवळ येताच ती रस्ता अडवून आडवीच थांबली. तिच्यामागे सगळी वाहनं खोळंबली, हॉर्न वाजू लागले.

"तुफान!" बसमधून हाक आली. "काढा गाडी बाहेर!"

तिला वळून बघता येईना. तिने खिडकीतून हात बाहेर काढला आणि बोटं पसरून उंच धरला. नवऱ्याने क्लच सोडला. गाडी एक उडी मारून भर रस्त्यात गप्प झाली.

"बंद पडली," तो रडकुंडीला येऊन म्हणाला.

मागे हॉर्नचा एकच कल्लोळ उठला. तिने हात खाली घेतला नाही.

"पडू द्या," ती म्हणाली. "परत चालू करा."